सुतळीवर टांगलेली कंपनी

आमच्या सरांनी फोन उचलून कधी ‘हॅलो’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. पलीकडे कंपनीचे मोठे साहेब असोत नाहीतर रिचार्जची आठवण करून देणारी मुलगी असो, सर एकच वाक्य बोलायचे, “सांगा, काय थांबलंय?” काही थांबल्याशिवाय माणूस माणसाला फोन करत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. एकदा त्यांच्या बायकोचा फोन मी उचलला, तर त्या बिचाऱ्या घाईघाईनं म्हणाल्या, “थांबलं काहीच न्हाय, फक्त येताना कोथिंबीर आणा म्हणावं.”

धाराशिवच्या बाहेर माळावर आमची दूध कंपनी आहे. गावोगावच्या संकलन केंद्रांवर दूध जमा होतं, टँकरनं आमच्याकडं येतं, तपासलं जातं, थंड होतं, पिशव्यांत भरून बाहेर पडतं. या सगळ्याच्या मागं संगणक आणि त्या संगणकांच्या मागं आम्ही सहा जण. सर आमचे प्रमुख. बारीक अंगाचे, पन्नाशी ओलांडलेले, मे महिन्यातही मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट. मोटरसायकलवरून आले की हेल्मेट काढून सर्व्हरच्या कपाटावर ठेवायचे. मला वाटायचं, विसरभोळा माणूस आहे. नंतर कळलं की तिथं हेल्मेट असलं की कोणी चहाचा कप ठेवत नाही. आधीचा एक सर्व्हर चहा पिऊनच गेला होता.

मी मुलाखतीला गेले तेव्हा त्यांनी माझी फाइल उघडलीसुद्धा नाही. “ताई, तुमाला काय येतं?” असं विचारलं. मी पदवी सांगितली, तीन-चार संगणकी भाषांची नावं सांगितली, पुण्यात केलेला कोर्स सांगितला. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे सामान झालं. काम सांगा. काय येतं?” मी पुन्हा तीच यादी जरा मोठ्यानं वाचली. ते पुन्हा म्हणाले, “सामान नका सांगू, काम सांगा.” मी जरा तापट आहे. आमच्या घरात याबद्दल दुमत नाही. चौथ्यांदा त्यांनी तेच विचारलं तेव्हा मी म्हणाले, “मला रागावता येतं.” त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. “ते बी लागतं,” म्हणाले, आणि मला दुसऱ्या दिवशीपासून यायला सांगितलं.

मी वर्षभरात नोकरीत रुळले आणि मग आमची कंपनी पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली. दूध तेच, टँकर तेच, फाटकावरची पाटी तेवढी बदलली. आमच्यावर मात्र एक काम येऊन पडलं. पुण्याच्या कंपनीकडं एक सॉफ्टवेअर होतं. कंपनीला संगणकाच्या जोरावर काय काय करता येतं, ते त्यात चौकोनांमध्ये मांडायचं. मोठ्या चौकोनात लहान चौकोन, त्यात आणखी लहान. प्रत्येक चौकोनाखाली ते काम कोणत्या प्रोग्रॅमवर चालतं, जबाबदार माणूस कोण, आणि तेच काम पुण्यातही होतं का, हे लिहायचं. सगळं भरलं की अख्ख्या कंपनीचा एका पानावर नकाशा तयार होतो. हिरवं म्हणजे ठेवायचं, पिवळं म्हणजे विचार करायचा, लाल म्हणजे बंद करायचं. दिवाळीपर्यंत मुदत होती. नकाशा पाहून पुण्याच्या मॅडम स्वतः येणार होत्या आणि आम्हा सहा जणांचा विभाग ठेवायचा की बंद करायचा ते ठरवणार होत्या. हे त्यांनी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, त्यामुळं गैरसमजाला जागा नव्हती.

आम्ही जोरात कामाला लागलो. चार दिवसांत मोठी यादी केली. इतके संगणक, इतके प्रिंटर, दूध घ्यायचा प्रोग्रॅम, हजेरीचा प्रोग्रॅम, गाडी कुठं आहे ते दाखवणारा प्रोग्रॅम. केबल आणि जोडणीचं काम बघणारा आमचा एक सहकारी होता, त्यानं तर बंद पडलेले दोन स्कॅनरसुद्धा घुसवले. म्हणाला, “सर, वाढवूनच लिहू. पुण्याला काय दिसतंय इथलं.”

सरांनी यादी वाचली, घडी घातली आणि हेल्मेटमध्ये ठेवली. “हे समदं सामान हाय,” म्हणाले. “हे उद्या विकलं तर नवं येईल. कंपनीला काय येतं ते कुठं हाय ह्याच्यात?”

दुसऱ्या दिवशी ते एका पिशवीत जुन्या लग्नपत्रिका घेऊन आले. आपल्याकडं लग्नसराईत माणसाला पत्रिकांचं काय करावं हा प्रश्नच पडतो, आणि देवाची चित्रं असतात म्हणून टाकवतही नाहीत. सरांनी कंपनीभर फिरून त्या गोळा केल्या होत्या. कात्रीनं सगळ्या एका मापाच्या कापल्या. कोऱ्या बाजूला एक काम लिहायचं, एका कार्डावर एकच. मग खोलीत या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत सुतळी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी कार्डं टांगली. हे करायला पुण्याचं महागडं सॉफ्टवेअर होतं, पण सर म्हणाले, “मशीनमधलं कार्ड उघडल्याशिवाय दिसत न्हाय. हे डोक्याला लागतं.” ते खरंच डोक्याला लागायचं, कारण सुतळी त्यांनी स्वतःच्या उंचीच्या हिशेबानं बांधली होती आणि आमचा केबलवाला सहा फूट होता. शिवाय पंखा लावला की कार्डं उडायची, म्हणून पंखा बंद. ऑक्टोबरच्या उन्हात आम्ही घामानं निथळत बसायचो आणि डोक्यावर कुणाकुणाचे गणपती आणि कलश लोंबत असायचे.

त्याच सुमारास माझ्या बहिणीचं लग्न होतं. निळ्या रंगाची सुंदर पत्रिका होती, वर बुद्धाचं चित्र, वडिलांनी हौसेनं छापून घेतलेली. मी सरांना ती घरी जाऊन दिली. सर सहकुटुंब लग्नाला आले, पोटभर जेवले, वडिलांशी तासभर बोलत बसले. आठ दिवसांनी मी ऑफिसात आले तर सुतळीवर निळे तुकडे. मी एवढी चिडले की हातातला डबा टेबलावर आपटला. सर म्हणाले, “लगीन झालं न्हवं? मग पत्रिकेचं काय लोणचं घालायचं?” मग माझा चेहरा बघून जरा वरमले. “चित्र न्हाय कापलं. ते घरी भिताडाला लावलंय. फक्त जेवणाची वेळ आन् मंडप कापलाय.” त्यातले तीन तुकडे वापरले गेले होते, चौथा त्यांनी खिशात घातला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

काम लिहायची त्यांची पद्धत अशी होती की आधी ते काम हातानं होताना बघायचं. कुणी सांगितलं म्हणून कार्ड लागत नसे. आमच्या विभागात आकड्यांच्या टेबलावर बसणाऱ्या मावशी होत्या. दहावी शिकलेल्या, कंपनी सुरू झाली तेव्हापासूनच्या. पुण्याहून आलेल्या नमुन्याच्या फॉर्ममध्ये त्यांच्या कामाला ‘डेटा भरणे’ एवढंच नाव होतं आणि तसल्या कामापुढं लाल रंग ठरलेला. सर तीन दिवस सकाळी त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसले. केंद्रांवरून दुधाच्या फॅटचे आकडे स्क्रीनवर येत होते. मावशी बघता बघता मधेच थांबायच्या आणि फोन लावायच्या. “व्हय रं भाऊ, मशीन धुतलं न्हाईस का दोन दिस?” आणि पलीकडून कबुली यायची. तिसऱ्या दिवशी ईट गावच्या केंद्राचा आकडा बघून त्या म्हणाल्या, “इथं आज नवा माणूस बसलाय.” तसंच निघालं.

“मावशी, हे कसं कळतं?” सरांनी विचारलं.

“कळतं की,” मावशी म्हणाल्या. “आकडा तोंड फिरवून बसलेला दिसतो.”

सरांनी जागेवरून उठून कार्ड लिहिलं, ‘आकडा खोटा वाटला की ओळखणं’. आणि ते वाचून दाखवलं तेव्हा मावशींनी पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाला कुणी नाव दिलं नव्हतं.

पण कार्ड लिहिलं म्हणजे संपलं नाही. सरांचा दुसरा नियम होता आणि तो सगळ्यात जाचक होता. कार्डाच्या मागच्या बाजूला, त्या लग्नपत्रिकेच्या छपाईत जिथं जागा सापडेल तिथं, पेन्सिलनं दोन नावं लागायची. पहिलं नाव ज्याला ते काम येतं त्याचं. दुसरं, ज्यानं ते काम एकदा तरी एकट्यानं, कुणाला न विचारता केलंय त्याचं, आणि त्यापुढं त्या दिवसाची तारीख. एकच नाव असलेलं कार्ड सुतळीच्या डाव्या टोकाला. दोन झाली की उजवीकडं. “एकट्याला येतं ते त्या माणसाला येतं,” सर म्हणायचे. “कंपनीला येत न्हाय. माणूस तापानं पडला की कंपनी बी तापानं पडली.”

या नियमापायी त्यांनी सगळ्यांना छळलं. मला महिनाभर मावशींच्या शेजारी बसवलं. फाटकावरच्या वॉचमन मामांना, वीज गेल्यावर जनरेटर आधी कुणाला द्यायचा हे तोंडपाठ होतं, तर त्यांच्याकडं केबलवाल्याला शिकायला पाठवलं. केबलवाला पदवीधर, मामा चौथी पास. तो माझ्याजवळ कुरकुरला, पण गेला. हा नियम सर जेवणाच्या डब्यालाही लावायचे. माझ्या आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी त्यांना फार आवडली. बोट चाटत त्यांनी विचारलं, “घरात अजून कुणाला येती?” मी म्हटलं, कुणालाच नाही. “मग शिकावं की.” मी लगेच फणा काढला, की मुलगी आहे म्हणून मीच का शिकायचं. सर गोंधळून म्हणाले, “म्या तुमच्या भावाबद्दल बोलत होतो.”

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते मला एकदाच कळलं. आम्ही कंपनीच्या जीपनं ईटच्या केंद्रावर निघालो होतो. मी वैतागून विचारलं की सर, सगळं जग यादी करतं, तुम्हीच काय हे ‘काय येतं, काय येतं’ लावलंय. सर खिडकीबाहेर बघत सांगू लागले. ते मूळचे सास्तूरचे. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा कॉलेजात होते, बाहेरगावी, म्हणून वाचले. आई गेली. वडील वाचले आणि पत्र्याच्या शेडमध्ये आठ दिवस एक शब्द न बोलता बसून राहिले. “रोज कुणीतरी कागद घेऊन यायचं,” सर म्हणाले. “काय गेलं ते सांगा. खोल्या किती, बैलं किती, भांडी किती. माणसं सांगत बसायची. सांगून सांगून अजून खचायची. एक दिस एक बाई आली, वही घेऊन. कुठली काय की. तिनं विचारलं, बाबा, तुम्हाला काय येतं? आमचा बाप आठ दिवसांनी बोलला. म्हणला, मला दार बसवता येतं.” जीप खड्ड्यातून गेली. सर पुढं म्हणाले, “दुसऱ्या दिवशीपसनं त्यो शेडं शेडं फिरून दारं बसवत हुता. म्हणून म्या सामान विचारत न्हाय ताई. सामान जातं.”

ईटला पोचल्यावर केंद्रावरच्या माणसाला मी आधी विचारलं, भाऊ, तुम्हाला काय येतं?

आता त्यांच्या तुळजापूरच्या वारीबद्दल सांगायला हवं, कारण त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या आता परत घ्यायच्या आहेत. सर्व्हरच्या बॅटऱ्या वर्षातून एकदा बदलतात. ते काम सर स्वतः उभे राहून करून घ्यायचे, कारण त्या अर्ध्या तासात दूध घेण्याचा प्रोग्रॅम बंद ठेवावा लागतो आणि तेवढ्या वेळात टँकर, कामगार, वीज सगळ्यांची वेळ कुणीतरी जुळवावी लागते. त्या वर्षी नेमक्या त्याच दिवशी सरांनी टेबलावर चिठ्ठी ठेवली, ‘देवीला जाऊन येतो. बॅटऱ्यांचं तेवढं बघा.’ ज्या माणसाला मी देवाचं नाव घेताना ऐकलं नव्हतं त्याला अचानक देवी आठवली. फोन लावला तर फोन त्यांच्या टेबलाच्या खणात वाजला.

अर्धा तास म्हणता म्हणता प्रोग्रॅम पुन्हा सुरूच होईना. नव्या बॅटऱ्यांपैकी एक सदोष निघाली. सकाळची वेळ, ऊन चढत होतं, फाटकापासून रस्त्यापर्यंत टँकर उभे. केबलवाला रजेवर. बाकीचे माझ्याकडं बघायला लागले आणि मी दाराकडं, सर येतील म्हणून. मग मला जो राग आला तो नेहमीचा नव्हता. त्या रागात डोकं एकदम थंड झालं. मामांना म्हटलं, जनरेटरवर आधी दूध थंड करणारी यंत्रं, आमचे संगणक नंतर. मावशींना म्हटलं, कागदाची वही काढा, दूध वहीत घ्या, आकडा खोटा वाटला तर तिथंच थांबवा. सगळ्यात लांबून आलेला टँकर आधी आत घेतला, त्यावरून जवळच्या गावचा एक चालक माझ्याशी भांडला, मी त्याच्याशी त्याच्याहून मोठ्यानं भांडले. दुपारपर्यंत बॅटरी बदलून आली, प्रोग्रॅम सुरू झाला, वहीतलं सगळं संगणकात चढवलं. एकही टँकर परत गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सर आले. मी बोलायला तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, “दूध परत गेलं का?”

“नाही.”

“मग झालं,” म्हणाले आणि पिशवीतून प्लॅस्टिकच्या चिमट्यांचं पाकीट काढून माझ्या टेबलावर ठेवलं. तुळजापूरहून माणसं कुंकू आणतात, यांनी चिमटे आणले होते. दर्शन झालं का विचारलं तर म्हणाले, “गर्दी लई. कळसाला हात जोडले.” मी त्यांना सरळ सांगितलं की असा बेजबाबदार माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. त्यांनी मान हलवली, जणू मी हवामान सांगत होते.

दिवाळी जवळ आली तसं सुतळीवरची कार्डं मी सॉफ्टवेअरमध्ये चढवू लागले. दोनशेच्या वर कार्डं. सर एकेक गठ्ठा हातात द्यायचे, मी कोऱ्या बाजूचं काम वाचून चौकोन तयार करायचे, आणि ‘पुण्यात होतं का’ या रकान्यात त्यांनी कोपऱ्यात लिहिलेलं ‘होतं’ किंवा ‘होत नाही’ टाकायचे. जबाबदार माणसाचा रकाना सर स्वतः भरायचे आणि दुसऱ्या नावासाठी सॉफ्टवेअरमध्ये रकानाच नव्हता, त्यामुळं मला मागची बाजू बघायची गरज पडली नाही. ‘होतं’ची संख्या वाढत गेली तसा केबलवाला अस्वस्थ झाला. हजेरी, इमेल, प्रिंटर, सगळं पुण्यात होतच होतं. तो सरांना म्हणाला, “सर, थोडी ‘होत नाही’ वाढवा. सहा घरांचा प्रश्न आहे.”

सर म्हणाले, “एक खोटं कार्ड लावलं की बाकीची समदी खोटी होत्यात. मग मावशीचं कार्ड कोण खरं मानंल?”

त्या जबाबदार माणसाच्या रकान्यात मोठमोठ्या साहेबांची नावं अपेक्षित होती. सरांनी पहिलं नावच घातलं. त्यामुळं ‘वीज गेल्यावर काय आधी चालू ठेवायचं ते ठरवणं’ या चौकोनात वॉचमन मामांचं नाव आलं आणि आमचे कारखाना व्यवस्थापक आठ दिवस सरांशी फुगून होते.

पुण्याच्या मॅडम आल्या. चाळिशीच्या, हुशार, कमी बोलणाऱ्या. नकाशा भिंतीवर दाखवला तेव्हा मामांचं नाव बघून त्यांच्याबरोबरचे लोक हसले, मॅडम हसल्या नाहीत. ‘आकडा खोटा वाटला की ओळखणं’पाशी त्या थांबल्या आणि हे कोण करतं, विचारलं. मग मावशींच्या शेजारी स्टुलावर जाऊन बसल्या. सगळे ताटकळत होते. अर्ध्या तासानं परत आल्या आणि म्हणाल्या, “हे आमच्याकडं नाही.” मामांचं हिरवं राहिलं, मावशींचं हिरवं राहिलं, उशीर झालेला टँकर फोनवर गाठायचं, केंद्रांना शिकवायचं, अशी दहा-बारा कामं हिरवी राहिली. त्या कामांना आमच्या विभागातली पाच माणसं लागत होती. मी मनात मोजत होते, सहातले पाच.

मग मॅडमनी एका चौकोनावर बोट ठेवलं. “‘संगणक विभागात कोणतं काम कुणी, कधी करायचं ते ठरवणं.’ पुण्यात होतं, असं लिहिलंय. हे तुम्हीच लिहिलंय?”

“व्हय,” सर म्हणाले.

“हे तर तुमचं काम आहे.”

“व्हय.”

“मग ते इथं ठेवायचं काही कारण?”

सरांनी खरंच विचार केला. चेहऱ्यावरून दिसत होतं की ते कारण शोधतायत. मग म्हणाले, “न्हाय. इथं थांबण्यासारखं काय न्हाय.”

भिंतीवर तो चौकोन लाल झाला. तो मीच भरला होता. दोनशे कार्डांच्या धबडग्यात मी ते वाचलं, टाइप केलं आणि पुढचं घेतलं. माझ्या हातून ते झालं, आणि ते मला अजूनही टोचतं.

सरांना महिनाभरानं निरोप दिला. भाषणं झाली, शाल झाली. फाटकावर वॉचमन मामा त्यांची मोटरसायकल पुसून उभे होते. सर गेल्यावर मामा मला म्हणाले, “ताई, तुमी लई बोलला त्यांना त्या तुळजापूरच्या वारीवरनं. पर त्या दिशी दर अर्ध्या तासाला फाटकावरच्या फोनवर फोन येत हुता त्यांचा, तिथल्या कुण्या दुकानातनं. एकच इचारायचे, टँकर उभे हायत का हलतायत? म्या म्हणलं, हलतायत. की ठेवायचे.” मी विचारलं, मामा, तेव्हाच का नाही सांगितलं? “सांगू नगा म्हणले हुते.”

चार महिन्यांनी पुण्याहून संदेश आला. लाल चौकोन आता नकाशातून काढायचे, बंद झाल्याची तारीख टाकायची. कार्ड हातात घेतल्याशिवाय मशीनमध्ये काही बदलायचं नाही, हा सरांचा नियम आम्ही मोडलेला नव्हता. सुतळी तशीच होती. मी शोधत गेले, तर ते कार्ड अगदी उजव्या टोकाला, दोन नावांच्या कार्डांत होतं. निळं. बहिणीच्या पत्रिकेचा तो चौथा तुकडा.

मी ते उलटं केलं. लग्नाच्या मंडपाच्या पत्त्याखाली, जेवणाच्या वेळेच्या वर, पेन्सिलनं पहिलं नाव सरांचं होतं आणि त्यावर एक सरळ रेघ मारली होती. खाली दुसरं नाव माझं. त्यापुढं तारीख होती, सर तुळजापूरला गेले त्या दिवसाची.

मला रडू आलं. ऑफिसात, सगळ्यांसमोर, मावशी उठून आल्या इतकं आलं. मी त्यांना बेजबाबदार म्हणाले होते, आणि त्यांनी त्या दिवसापासून स्वतःचं काम माझ्या हाती देऊन ठेवलं होतं. मग मी बाहेर जाऊन सरांना फोन लावला. ते आता सास्तूरलाच राहतात, मागं बैलांच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती.

“सांगा, काय थांबलंय?”

“काही थांबलेलं नाही, सर,” मी म्हणाले. “ते निळं कार्ड सापडलं.”

“मग झालं,” ते म्हणाले. आता फोन ठेवतील असं वाटलं, पण ठेवला नाही. “ताई, त्याच्यावर माझ्या नावावर रेघ हाय न्हवं?”

“आहे.”

“म्हंजी एकच नाव राहिलं की.”

मी आत आले, डोळे पुसले आणि ते निळं कार्ड सुतळीच्या डाव्या टोकाला नेऊन चिमट्यात अडकवलं.